मजुरी धरलेली नाही

कोपरखैरण्यात माथाड्यांच्या घरांची ओळ.
पुढची खोली गिरणीची, मागची आमची.
मध्ये पडदा आहे,
पीठ त्याला जुमानत नाही.

सकाळी वाशीला कॉलेज, बी.कॉम.चं शेवटचं वर्ष.
बसते शेवटच्या बाकावर,
म्हणजे वेणीतलं पीठ बघायला मागे कुणी उरत नाही.
साडेअकराला परत.
आबा खटका दाबतात, पट्टा एकदा कण्हतो,
मग मांडणीतल्या वाट्यांसकट
सगळं घर थरथरायला लागतं.

क्रम चुकवायचा नाही.
आधी गहू, मग ज्वारी, बाजरी सगळ्यात शेवटी.
बाजरीनंतर कुणी गहू घेऊन आलंच,
तर पदरचा मूठभर गहू टाकून
दगड आधी धुऊन घ्यायचा.
तो मूठभर गहू कुठल्या खात्यात लिहायचा
ते पुस्तकात सापडलं नाही.

डब्यांवर खडूनं नावं:
ढेबे काकू, जाड.
नायर आजी, तांदूळ, पुट्टूसाठी, रवाळ.
बी. टी. पार्टे, भाजणी, आधी विचारणे.
वर्गातले रोल नंबर मला येत नाहीत,
डबे पाठ आहेत.

एकोणतीस वर्षं आबांनी मसाला मार्केटात
मिरचीची पोती वाहिली.
खांदा गेला, तेव्हा फंडाच्या पैशांत ही गिरणी आली.
पोत्याला लावायचा आकडा आता भिंतीवर आहे,
त्याला माझी कॉलेजची बॅग.

पंधरवड्यातून एकदा दगडाला टाकी लावायची.
त्यांना छिन्नी धरवत नाही, मी धरते.
ते स्टुलावर बसून नुसत्या आवाजावरून सांगतात,
"खोल गेली."
"अजून."
"हं."
टाकी लावली की दगड झिजतो,
नाही लावली की पीठ जळतं.
पुस्तकात याला घसारा म्हणतात,
सरळ रेषेत, दरवर्षी दहा टक्के.
आमचा दगड सरळ रेषेत झिजत नाही.
आबाही नाही झिजले.

कोलते सरांनी प्रकल्प दिला,
परिसरातल्या एका लघुउद्योगाचा अभ्यास.
कुणी मोबाइलवाल्याकडे गेलं, कुणी फरसाणवाल्याकडे.
मला जागेवरून उठावंही लागलं नाही.
थ्री फेज वीज, व्यापारी दरानं.
पट्टा, बेअरिंग, ग्रीस, खडू.
पाकिटातला आटा आणि घराघरांतली घरघंटी
'स्पर्धा' या मथळ्याखाली.
शेवटी निव्वळ नफा,
खाली पट्टीनं दोन रेघा.

वही परत आली.
पानांवर माझ्या बोटांचे पांढरे ठसे,
आणि नफ्याशेजारी लाल शाईत एकच ओळ:
'स्वतःची मजुरी धरलेली नाही.'

रात्री धरून पाहिली.
तासाला साठ,
नाक्यावरच्या कपड्यांच्या दुकानात
वैदेहीला मिळतात तेवढेच.
मजुरी धरली, तर गिरणी तोट्यात.
नाही धरली, तर मी.
कागद उलटा करून झोपले.

सकाळी तो आबांच्या हातात.
चष्मा नव्हता, तरी वाचत होते.
"आणि माझी?" म्हणाले.
"तुमची काय?"
"मजुरी. स्टुलावर बसतो, त्याची."
दोघंही हसलो.
ते इतके हसले की खांदा धरून बसले.

दुपारी गल्ल्यामागे एक डबा दिसला,
बोर्नव्हिटाचा, जुना,
आत साठ रुपये, दहा-दहाच्या पिठाळ नोटा.
बाहेर खडूनं, त्यांच्या तिरप्या अक्षरात:
हर्षदा, आधी विचारणे.

रोज साठच पडत गेले, तास कितीही भरोत.
मी बोलले नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी बेअरिंग गेलं.
गिरणी गप्प, वाट्या गप्प.
दारात ढेबे काकू पिशवी घेऊन उभ्या.
आबा डबा हातात घेऊन पडद्यापाशी आले,
झाकण उघडलं नाही.
"घेऊ का गं?"
मी पुस्तकातून मान वर केली,
हो म्हणायला
थोडा वेळ लावला.